नवीन नोकरीत सुधारणा सुचवायची आहे? आधी खिशात वही ठेवा

रबाळे स्टेशनला सकाळी पावणेसातच्या सुमारास उतरणाऱ्या गर्दीत नवी मुलंमुली लगेच ओळखू येतात. सेफ्टी शूज कोरे असतात, टाच लागते म्हणून चाल जपून असते, गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी अजून मळलेली नसते. मी या टीटीसी पट्ट्यात, म्हणजे ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीत, चौदा वर्षं डिस्पॅचचं, म्हणजे तयार माल गाड्यांत भरून बाहेर पाठवायचं, काम करते आहे. दरवर्षी पावसाळ्यात नवी बॅच येते आणि महिना-दीड महिन्यात त्यांतलं कोणीतरी चहाच्या वेळी हळूच विचारतं, "ताई, इथे एक काम उगाचच लांबण लावून करतात. सांगू का साहेबांना?"

सांगाच. पण कसं सांगायचं ते कोणी शिकवत नाही. आयटीआयमध्ये मायक्रोमीटर धरायला शिकवतात, कॉलेजात प्रेझेंटेशन करायला शिकवतात. वीस वर्षं एकाच पद्धतीने काम केलेल्या माणसाला "ही पद्धत बदलून बघू या का" हे कुठल्या शब्दांत विचारायचं, ते मात्र ज्याचं त्याला शिकावं लागतं. मी ते ठेच खाऊन शिकले. तुम्हाला ती ठेच लागू नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. कारखान्यातलं असलं तरी वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप, तुर्भ्याचं गोदाम, ऐरोलीतलं आयटीचं ऑफिस, सगळीकडे थोड्याफार फरकाने लागू पडेल.

पहिला महिना: बघा, विचारा, लिहा

पहिल्या महिन्यात सूचना करू नका. नव्या डोळ्यांना खूप काही दिसतं हे खरं, पण जे विचित्र दिसतं त्यातल्या निम्म्या गोष्टींना कारण असतं. आमच्याकडे आलेल्या एका मुलाला वाटलं, गोदामात खोक्यांच्या थप्प्या भिंतीपासून हातभर लांब लावून जागा फुकट घालवतात. जूनमध्ये लागला असता तर त्याला कळलं असतं. आपल्याकडचा पाऊस सुरू झाला की त्या भिंतीला ओल येते, आणि भिंतीला टेकलेलं खोकं चार दिवसांत मऊ पडून खालच्या बाजूने बसतं. तो मुलगा शहाणा होता. त्याने "जागा वाया जाते" असं न म्हणता "काका, भिंतीला लावून का नाही ठेवत?" असं विचारलं. काकांनी त्याला हाताला धरून भिंतीपाशी नेलं आणि मागच्या वर्षीचा डाग दाखवला. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली.

"असं का करतात?" हा प्रश्न खऱ्या कुतूहलाने विचारा आणि उत्तर खिशातल्या वहीत टिपून ठेवा. एका पानावर एवढंच: तारीख आणि वेळ, काय अडलं, किती वेळ अडलं, आणि त्यामुळे कोणाला जास्तीचं काम पडलं. माणसांची नावं लिहू नका. वही कोणाच्या हाती लागली तर ती चहाडीची वही वाटता कामा नये.

हे मात्र वहीत लिहीत बसू नका

वरचा महिन्याचा नियम धोक्याला लागू नाही. मशीनचं गार्ड, म्हणजे फिरत्या भागावरचं झाकण, काढून ठेवलंय, दरवाजाच्या स्विचला चिकटपट्टी लावून मशीन दार उघडं ठेवून चालवतायत, फोर्कलिफ्टचा हॉर्न बंद आहे, कोणी एकटाच टाकीत उतरतोय, रसायनाचा नेहमीपेक्षा वेगळा वास येतोय. असं काही दिसलं तर तुमचा पहिलाच दिवस असला तरी त्याच क्षणी बोलायचं. मोठ्याने आणि थोडक्यात: "थांबा! मशीन बंद करा." साहेब, सर, दादा हे नंतर. मग सुपरवायझरला सांगायचं, आणि मग रजिस्टरमध्ये किंवा मेसेजवर वेळेसकट लेखी द्यायचं.

ते बोलणं तुमचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, फॅक्टरीज ॲक्टमध्ये दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांसाठी एक वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यातलं ४१-एच हे कलम सांगायचं की जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा धोका आहे असं कामगाराला रास्तपणे वाटलं तर तो ते थेट व्यवस्थापनाच्या कानावर घालू शकतो, आणि धोका खरा असेल तर व्यवस्थापनाने लगेच उपाय करायचा असतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याच्या जागी २०२० ची व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहिता लागू झाली, आणि तिच्यातही धोका मालकाच्या नजरेस आणून देण्याचा हक्क कामगाराला दिला आहे. आपल्या पट्ट्यात रसायनांचे कारखाने किती आहेत ते तुम्हाला माहीतच आहे. तुमच्या युनिटमध्ये रसायनं नसतील, पण शेजारच्या प्लॉटमध्ये असू शकतात.

नॅशनल सेफ्टी कौन्सिलचं मुख्य कार्यालय आपल्या बेलापूरलाच आहे. कौन्सिलची स्थापना ४ मार्च १९६६ ची, म्हणून ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या आठवड्यात बहुतेक कारखान्यांत पोस्टर लागतात, शपथ होते, सूचना मागवतात. एरवी ज्या सुरक्षेच्या सूचनेला "बघू" असं उत्तर मिळतं, तिला त्या आठवड्यात ऐकणारा माणूस मिळतो. तातडीच्या नसलेल्या गोष्टींसाठी, म्हणजे पुसट झालेले पिवळे पट्टे, अंधारा जिना यांसाठी, ही वेळ साधा.

मोजल्याशिवाय बोलू नका

आता माझी ठेच.

नोकरीला दोन वर्षं झाली होती. रोज संध्याकाळी आमच्या गेटवर टेम्पोंची रांग लागायची. गेटपासवर स्टोअरच्या साहेबांची सही हवी, ते वरच्या मजल्यावर, आणि सहीचे कागद खाली यायला उशीर. पलीकडे ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे. सात वाजता निघालेली गाडी शिळफाट्याला अडकली की रात्री दहा-दहा वाजता गिऱ्हाइकाचा मला फोन. एका सोमवारच्या मीटिंगमध्ये प्लांट मॅनेजरांसमोर मी उभी राहून म्हणाले, "स्टोअरवाले वेळेवर सही करत नाहीत म्हणून गाड्या लेट होतात." स्टोअरचे साहेब समोरच बसले होते. पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी मान खाली घातली, हातातलं पेन टोपणात घातलं आणि मीटिंग संपेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पुढचे तीन महिने माझा प्रत्येक कागद नियमावर बोट ठेवून तपासला गेला. एक शिक्का तिरका आला तरी परत. त्यांचं काहीच चुकत नव्हतं, नियम तसाच होता.

मग आमच्या जुन्या फोरमनसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाळ, तू किती गाड्या मोजल्यास?" मी एकही मोजली नव्हती.

मी सहा दिवस गेटवरच्या केबिनमध्ये वही ठेवली. गाडी आली ती वेळ, माल भरून झाला ती वेळ, सही आली ती वेळ, गाडी सुटली ती वेळ. सहा दिवसांत ४३ गाड्या. त्यांतल्या २९ गाड्या माल भरून झाल्यावरही अर्ध्या तासाहून जास्त उभ्या होत्या. त्या २९ मधल्या पाच गाड्यांचा ऐनवेळी नंबर बदलला म्हणून कागदांवरचा गाडी नंबर पुन्हा लिहावा लागला होता. तीन वजनकाट्यावर अडकल्या होत्या. उरलेल्या २१ सहीसाठी थांबल्या होत्या, म्हणजे माझं म्हणणं वरवर बरोबरच होतं.

पण सही का थांबली, हे बघायला मी जिना चढून वर गेले, तर साहेबांच्या टेबलावर एकावर एक आठ-नऊ पॅकिंग लिस्ट, म्हणजे गाडीत भरलेल्या मालाच्या याद्या, पडलेल्या. प्रत्येक लिस्ट स्टॉकशी ताडून मगच सही करायची. त्या सगळ्या लिस्ट पाच वाजून गेल्यावर एकदम आल्या होत्या, आणि त्या पाठवणारं टेबल माझं होतं. दिवसभराच्या लिस्ट गोळा करून शेवटी एकत्र पाठवायच्या, ही आमच्या डिस्पॅचची जुनी सवय. मी भर मीटिंगमध्ये ज्यांच्याकडे बोट दाखवलं, ते माझ्याच टेबलावरचा गठ्ठा उपसत बसले होते.

तेव्हा मोजा. आठवडाभर पुरे. मोबाइलच्या घड्याळावर, साध्या वहीत. "नेहमी उशीर होतो" हे वाक्य वाद सुरू करतं. "४३ पैकी २९" म्हटलं की समोरचा माणूस वहीत डोकावतो. आणि मोजताना आपल्या बाजूला काय सापडतंय तेही प्रामाणिकपणे लिहा, कारण बदल तिथून सुरू केला तर कोणाची परवानगी लागत नाही.

ऑफिसातही हेच. माझा भाचा ऐरोलीत बॅक ऑफिसला आहे. रोज सकाळी तो एक रिपोर्ट बनवतो, त्याला पाऊण तास लागतो. वाचतं कोण, हे त्याने आठवडाभर एकेकाला विचारून बघितलं. तिघांनी सांगितलं, आम्ही दुसऱ्या टीमच्या रिपोर्टमधूनच आकडे घेतो. तेवढंच त्याने टीम लीडला दाखवलं आणि रोजचा रिपोर्ट आठवड्यावर आला.

आधी कोणाशी बोलायचं

ज्याच्या हातातलं काम आहे त्याच्याशी, आणि एकट्याशी. ही पायरी सोडून वर गेलात तर सूचनेची तक्रार होते. मी स्टोअरच्या साहेबांकडे गेले ती दुपारी अडीचला, जेवण झाल्यावर, हातात चहा नव्हता की फाइल नव्हती, फक्त वही होती. म्हणाले, "सर, त्या दिवशी मी मीटिंगमध्ये न बघता बोलले, माझी चूक झाली. आमच्या लिस्ट तुमच्याकडे एकदम येतात असं वहीत दिसतंय. कशा आल्या तर तुम्हाला सोपं जाईल?"

ते बराच वेळ वही बघत होते. मग म्हणाले, "दोनदा पाठवा. अडीचला एकदा, साडेचारला एकदा. पाचनंतरच्या फक्त अर्जंट." तोडगा त्यांनीच दिला. मी जो विचार करून गेले होते, की त्यांनी संध्याकाळी खाली गेटवर येऊन बसावं, तो त्यांच्या गुडघ्यांना झेपलाच नसता, आणि वरचं स्टॉकचं कॉम्प्युटर सोडून खाली येऊन ताडणार तरी कशाशी?

वेळ निवडणं फार महत्त्वाचं. शिफ्ट बदलताना कोणाला काही सांगू नका, जाणाऱ्याला गाडी पकडायची असते आणि येणाऱ्याचं हँडओव्हरकडे लक्ष असतं. महिनाअखेरीला नको, ऑडिटच्या आठवड्यात नको, मशीन ब्रेकडाउनला असताना तर मुळीच नको. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे काम सुरळीत चाललेल्या दिवशी जेवणानंतरची.

भाषेचंही सांगते. आपल्या शॉपफ्लोअरवर मराठी, हिंदी, मल्याळी, गुजराती सगळी माणसं असतात. समोरच्याला ज्या भाषेत चहा पिताना गप्पा मारता येतात, त्या भाषेत बोला. इंग्रजी मेल लिहिता येतो म्हणून आधी मेल टाकू नका. तोंडी बोलणं झाल्यावर त्याची आठवण म्हणून मेल किंवा मेसेज करा.

सूचना लहान ठेवा, मुदत घालून मागा

"सिस्टीम बदलायला हवी" याला कोणीही हो म्हणत नाही, कारण त्यात नेमकं करायचं काय ते कळत नाही. "पाच दिवस करून बघू या" याला बहुतेक लोक हो म्हणतात. आम्ही वर पाठवलेला मेसेज साधारण असा होता, हवा तर तसाच वापरा:

"सर, संध्याकाळी गाड्या सुटायला वेळ लागतो, मागच्या सहा दिवसांची नोंद सोबत आहे. स्टोअरच्या सरांशी बोलणं झालं आहे. डिस्पॅचच्या पॅकिंग लिस्ट अडीच आणि साडेचार अशा दोन वेळा पाठवून बघायचा विचार आहे. खर्च काही नाही. सोमवार ते शुक्रवार करून बघतो, अडचण आली तर जुनी पद्धत चालू ठेवू. चालेल का?"

यात कोणाची चूक काढलेली नाही, खर्चाचं उत्तर आधीच दिलंय, परतीची वाट ठेवलीय आणि शेवटी हो-नाही असं उत्तर देता येईल असा प्रश्न आहे. पाच दिवसांच्या ट्रायलमध्ये तीच नोंद पुन्हा ठेवा. आमच्याकडे पुढच्या आठवड्यात सहीसाठी अर्ध्या तासाहून जास्त थांबलेल्या गाड्या २१ वरून सहावर आल्या. त्या सहाही पाचनंतरच्या अर्जंट होत्या.

तुमच्या कंपनीत भिंतीवर "कायझेन" असा बोर्ड असेल आणि त्यावर "आधी" आणि "नंतर" असे दोन फोटो लावलेले कागद असतील, तर तो शोभेचा समजू नका. कायझेन म्हणजे थोडी थोडी सुधारणा. जपानमध्ये टोयोटाने १९५१ मध्ये कामगारांकडून सूचना घ्यायची पद्धत सुरू केली. तिथल्या असेंब्ली लाइनवर दोरी किंवा बटण असतं, चूक दिसली की साधा कामगार ते ओढतो किंवा दाबतो, टीम लीडर धावत येतो आणि तेवढ्यात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. मला हे पहिल्यांदा ट्रेनिंगमध्ये कळलं तेव्हा खूप बरं वाटलं होतं, की लाइन थांबवणाऱ्याला तिथे ओरडा बसत नाही. आपल्याकडे क्वालिटी सर्कलची, म्हणजे कामगारांनीच गट करून कामातल्या अडचणी सोडवायची, चळवळही जुनी आहे, क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था १९८२ पासून आहे. व्यवहाराची गोष्ट सांगायची तर बऱ्याच ठिकाणी सुपरवायझरला दर महिन्याला ठरावीक कायझेन दाखवावे लागतात आणि महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर तो ते शोधत असतो. तुमचा मोजलेला कागद तेव्हा त्याच्या हातात पडला तर तो आनंदाने पुढे नेतो. आधीचा फोटो काढायला मात्र विसरू नका, जागा आवरून झाल्यावर तो मिळत नाही. आणि मोबाइलवर फोटो काढायला कंपनीत मनाई असेल तर सुपरवायझरलाच काढायला सांगा.

ठेकेदाराकडून लागलेल्यांसाठी

तुम्ही कंत्राटी असाल तर बोलणं जास्त अवघड आहे, हे मला माहीत आहे. उद्यापासून येऊ नको असं तोंडी सांगितलं जाऊ शकतं. म्हणून आधी ठेकेदाराच्या सुपरवायझरला विश्वासात घ्या. ज्याच्या शेजारी उभं राहून काम करता त्या कायम कामगारालाही सांगा. त्याला पटलं तर तो तुमच्याबरोबर बोलेल आणि दोघांचं म्हणणं टाळणं कठीण जातं. युनियन असेल तर प्रतिनिधी, सेफ्टी कमिटी असेल तर तिच्यातला कामगार सदस्य, ही दारंही आहेत. तुमच्या शेजारी कंत्राटी मुलगा काम करत असेल आणि तुम्ही कायम असाल, तर त्याची सूचना मांडताना "याच्या लक्षात आलं" असं म्हणा. त्याला ते वर्षभर पुरतं.

एक गोष्ट वेगळी ठेवा. कोणी लगट करत असेल, अंगाला हात लावत असेल, घाणेरडं बोलत असेल, तर तो सुधारणेचा विषय नाही आणि त्यासाठी मोजत बसायचं नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असायलाच हवी. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. ज्या बाईवर विश्वास आहे तिला बरोबर घेऊन जा. कोणी नसेल तर आमच्यासारख्या जुन्या बायकांना विचारा, आम्ही येतो.

"नाही" म्हटलं तर

पहिल्यांदा नाही म्हटलं जाईलच. तेव्हा "का?" असं न विचारता "काय असेल तर करून बघता येईल?" असं विचारा. उत्तर खर्चाचं असेल तर बिनखर्चाचा भाग वेगळा काढा. उत्तर गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगचं किंवा ऑडिटच्या नियमाचं असेल तर थांबा, ते खरंच सुपरवायझरच्या हातात नसतं. "आत्ता नको" असेल तर कधी, ते विचारून वहीत तारीख लिहा आणि त्या तारखेला जा. माझी एक सूचना, पावसाळ्यात लोडिंगच्या जागेवर ताडपत्री बांधायची, दोन पावसाळे नाकारली गेली. तिसऱ्या वर्षी मी भिजून परत आलेल्या खोक्यांचा आकडा नेला, तेव्हा एप्रिलमध्येच पाइप उभे राहिले.

तीनदा विचारून, मोजून दाखवून, वेळ बघून बोलूनही काहीच हललं नाही तर ती सूचना बाजूला ठेवा आणि दुसरी लहान घ्या. त्या पायी कोणाशी बोलणं बंद करू नका, आणि कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांबद्दल लिहू नका. ते कोणीतरी दाखवतंच.

"हो" म्हटल्यावर खरं काम

बदल झाल्यावर महिनाभर त्याच्यावर लक्ष ठेवा. लोक जुन्या सवयीवर जातात, मुद्दाम नव्हे, हात तिकडे वळतो म्हणून. आमचा अडीचचा नियम दुसऱ्याच आठवड्यात मोडला, कारण मी रजेवर होते आणि बदलीच्या मुलाला कोणी सांगितलंच नव्हतं. परत आल्यावर मी डिस्पॅचच्या टेबलावर, काचेखाली, हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवली: "पॅकिंग लिस्ट – २.३० आणि ४.३०. नंतर फक्त अर्जंट, आधी फोन." खाली स्टोअरचा इंटरकॉम नंबर.

कायझेनचा फॉर्म भरताना नाव लिहायच्या रकान्यात मी स्टोअरच्या साहेबांचं नाव पहिलं लिहिलं आणि खाली माझं, कारण तोडगा त्यांचा होता. फॉर्म सहीसाठी त्यांच्याकडेच गेला. शिक्का थोडा तिरका आला होता. त्यांनी बघितला आणि सही केली.

ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. चिठ्ठी अजून काचेखाली आहे, शाई पुसट झाली म्हणून यंदा नव्या मुलीने ती पुन्हा लिहिली आणि लिहिताना मला विचारलं, "मॅडम, दुसरी लिस्ट साडेचारऐवजी चारला पाठवली तर? साडेचारला सिस्टीम खूप हळू चालते." मी तिला वही दिली आणि म्हटलं, आठवडाभर मोज.